आमची वाटचाल : जुन्या गाडीचे ब्रेक, मूळ ड्रमवरच

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये वडिलांनी एक लेथ टाकून वर्कशॉप सुरू केलं. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या पद्मिनी तेव्हा टॅक्सी म्हणून दिवसभर पळायच्या आणि ब्रेकचे ड्रम टर्न करायला, म्हणजे लेथवर आतून घासून सारखे करायला, आमच्याकडे यायच्या. हळूहळू त्या कमी झाल्या; ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. आता येतात ती आजोबांची पद्मिनी किंवा अँबेसेडर जिवापाड जपणारी माणसं.

बहुतेकांची पहिली मागणी एकच : "दादा, पुढे डिस्क ब्रेक बसवून टाका." आम्ही म्हणतो, आधी ड्रम उघडून बघू. ड्रम चाकासोबत फिरतो; त्याच्या आत चापाच्या आकाराचे दोन शू असतात आणि त्यांवर घासून पकडणारा लायनर. फिरत्या ड्रमसोबत पुढचा शू स्वतःच ड्रमवर दाबला जातो, त्यामुळे नीट बसवलेला ड्रम ब्रेक चांगलाच पकडतो. अडतं ते बसवण्यात. ड्रम टर्न केला की आतला व्यास वाढतो, नवा लायनर मात्र मूळ मापाचा. मग तो फक्त मधोमध टेकतो. पॅडल दाबूनही गाडी नीट थांबत नाही. म्हणून आम्ही ड्रमला आतून खडू लावतो, शू हाताने फिरवतो आणि खडू लागेल तिथे घासतो. टोकापासून टोकापर्यंत खडू उमटेपर्यंत हे चालतं. यात अख्खी दुपार जाते आणि ती जायलाच हवी. समोरासमोरचे दोन्ही ड्रम एकाच मापाचे ठेवतो, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक, त्यामुळे ड्रममध्ये हवा मारायची नाही, ओलं करूनच पुसायचं. नव्या पोराला पहिला धडा हाच.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ या प्रतीचं ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ही हद्द १४० पर्यंत खाली येते. आपल्या खाडीकाठच्या हवेत दोन वर्षांच्या आत ते बदलाच. आणि नाशिकहून येताना कसारा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब जातो, लायनरची पकडही घटते.

सध्या खरी अडचण ड्रमचीच आहे. मर्यादेपलीकडे घासलेला ड्रम आम्ही टर्न करत नाही, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. बदली ड्रम भंगारातून शोधून, मोजून, चिठ्ठी लावून ठेवतो. तुमच्याकडे पडून असेल तर फेकू नका, आम्हाला दाखवा.