तीन ग्रॅम

काल लग्नाच्या अंगठ्या बघून गुजरीतून, सराफांच्या पेठेतून, आल्यापासून होणाऱ्या नवऱ्याचं एकच वाक्य डोक्यात घोळतंय. "माझी हलकीच दाखवा, मी कुठं घालणाराय." माझ्याकडं बघून म्हणाला असता तरी चाललं असतं. सराफांना म्हणाला, ट्रेमधल्या अंगठ्यांवरून बोट फिरवत.

मला ठाऊक नव्हतं असं नाही. शिरोलीच्या कारखान्यात मशिनवर उभं राहायचं तर बोटात अंगठी चालत नाही. अंगठी, कडं, घड्याळ, सगळं काढून ठेवायचं. फिरत्या चकमध्ये, म्हणजे मशिनच्या पकडीत, अंगठी अडकली तर ती बोटासकट ओढते. मागच्या वर्षी त्यांच्या शॉपमध्ये ते झालं तेव्हा हा दोन दिवस धड जेवला नव्हता. सगळं माहीत आहे. तरी लागलं ते लागलंच.

सराफ शांतपणे समजावत होते. 22 कॅरेट म्हणजे हजारात 916 भाग सोनं, ते मऊच. याच्या मापात दोन ग्रॅमची केली तर पत्र्यासारखी होईल, दाबली की वाकेल. तीन तरी घ्या. मग भिंग माझ्या हातात दिलं. आतल्या बाजूला हॉलमार्क आणि शेजारी अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा नंबर. "प्रत्येक नगाचा वेगळा असतो ताई, जोडीत घेतल्या तरी." मी तो नंबर उगाचच दोनदा वाचला. हा तोवर कागदावर आकडे मांडत बसलेला. घडणावळ, वर 3 टक्के जीएसटी, त्यातून आईच्या पाटलीची मोड वजा.

माझ्या गळ्यात मंगळसूत्र येणार, पायात जोडवी येणार, बोटात अंगठी. त्याच्या अंगावर काय? एवढी एकच गोष्ट होती आणि तिचंही त्यानं वजन कमी करायला सांगितलं. रात्री उशीत तोंड घालून रडले. त्याचा मेसेज आला होता, उत्तर दिलं नाही.

सकाळी आई भाकरीला बसली. अंगठी काढून मिठाच्या बरणीच्या झाकणावर ठेवली. रोजच ठेवते. पीठ मळताना काढायची, भांडी घासताना काढायची, कुठं हळदीकुंकवाला निघाली की घालायची. लहानपणापासून ती अंगठी मी आईच्या बोटापेक्षा त्या झाकणावरच जास्त बघितली असेल. बाबांना तर अंगठी कधी नव्हतीच. हे आज पहिल्यांदा ध्यानात आलं.

आणि मग कालचं माप घेणं आठवलं. मापाच्या कड्यांचा जुडगा घेऊन सराफांनी त्याचा हात पुढं ओढला. 22 नंबर सांध्यावर अडला. 23 गेला, पण खाली बोटात गरागरा फिरायला लागला. पहिली पाळी संपवून तसाच आलेला. हात धुतलेले, पण नखांच्या कडेचं काळं साबणानं जात नाही. काचेवर, त्या दिव्याखाली, सोन्याशेजारी तो हात. माप झाल्या झाल्या त्यानं पटकन काउंटरखाली घेतला. ते वाक्य त्यानंतरचं आहे. मी मात्र त्या दोन ग्रॅमवरच अडून बसले.

दुपारी फोन केला. तीन ग्रॅमचीच करू म्हटलं, माझीही तीनचीच. तो थोडा वेळ गप्प होता, मग "बरं" म्हणाला.

सराफांनाही कळवलंय, 23 चं अजून घडायला टाकू नका. ते माप पाळीनंतरचं आहे, आठ तास उभ्यानं काम केलेल्या फुगलेल्या बोटाचं. सुट्टीच्या सकाळी त्याला परत घेऊन जाणार आहे. घालणार सुट्टीलाच, तर माप त्याच दिवसाचं हवं.