डिस्चार्ज बुकातील दोन नावे

नाशिकच्या सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक म्हणून काम करताना कुटुंब निवृत्तिवेतनाची प्रकरणे नेहमीच हाताखालून जातात. कागद जुळले की ती ‘स्पर्श’ या संरक्षण निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीतून प्रयागराजच्या लेखा कार्यालयाकडे मार्गस्थ होतात. सिन्नर तालुक्यातील एका आजींचे प्रकरण मात्र अडले होते. दिवंगत यजमान तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या पीपीओवर, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशावर, पत्नीचे नाव ठकूबाई, तर आजींच्या आधारवर आणि रेशनकार्डावर मंदाकिनी.

“ठकूबाई हे माहेरचं नाव. मांडवातच बदललं,” आजी म्हणाल्या.

दोन नावे दिसली की दोन बायकांची शंका घ्यावीच लागते आणि ती दरवेळी खोटी ठरते असेही नाही. हे सांगताच मुलगा संतापून उठला. हयातीत यजमानांच्या एका अर्जाने ही दुरुस्ती झाली असती. पण पदके जपून ठेवणारी आमची माणसे पीपीओवरचे बायकोचे नाव क्वचितच वाचतात.

आजींनी पिशवीतून यजमानांचे डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवामुक्तीचे पुस्तक, काढून दिले. कुटुंबाच्या तपशिलात लग्नाची नोंद ठकूबाईंच्या नावे होती, आणि तिच्याच खाली, वेगळ्या अक्षरात, थोरल्या मुलाच्या जन्माच्या नोंदीत आईचे नाव मंदाकिनी लिहिले होते. दुसरे लग्न झाले असते तर त्याची, आणि त्याआधी पहिल्या पत्नीच्या मृत्यूची किंवा घटस्फोटाची, नोंद तेथे असायला हवी होती. तशी एकही नव्हती.

जवान मराठा लाइट इन्फंट्रीचा असता तर कागद बेळगावला पाठवावे लागले असते. तोफखान्याचे अभिलेख कार्यालय मात्र नाशिकरोड कॅम्पातच असल्याने, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, सरपंचांचा दाखला आणि आमचे पत्र घेऊन मी त्याच दुपारी द्वारका चौकातून तेथे पोहोचलो. तेथील लिपिकाने मूळ सेवापत्रक काढून दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या आणि प्रकरण दाखल करून घेतले.

सुधारित पीपीओ यायला पुढे काही महिने गेले. यजमानांनी सदुसष्टी ओलांडलेली असल्याने 50 टक्क्यांचा वाढीव दर लागू नव्हता. अखेरच्या वेतनाच्या 30 टक्के, पण 9,000 रुपयांहून कमी नाही, अशी रक्कम महागाई भत्त्यासह मंजूर झाली आणि थकबाकी मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून मिळाली. दरवर्षीचा हयातीचा दाखला चुकवू नका, एवढे मी मुलाला बजावले. तोवर त्याचा राग निवळला होता.