मुंबईच्या बर्फाचं माहेर : बॉस्टनची तळी

फोर्टात लायन गेटसमोर कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. त्या जागी एकेकाळी बर्फघर होतं आणि त्यातला बर्फ अमेरिकेहून जहाजाने यायचा, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तेव्हापासून तो बर्फ निघाला कुठून, हे बघायची ओढ होती. या जानेवारीत बॉस्टनला भाचीकडे गेले आणि दोन दिवस त्यासाठीच काढले. "मावशी, या थंडीत तळ्यांवर काय बघणार तू?" असं म्हणत ती दोन्ही दिवस बरोबर आली.

फ्रेड्रिक ट्यूडर हा बॉस्टनचा व्यापारी. १८०६ मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्याने कॅरिबियनमधल्या मार्टिनीक बेटावर बर्फाचं जहाज पाठवलं आणि तोट्यात गेला. पुढे कर्जापायी तुरुंगही पाहिला, पण बर्फ सोडला नाही. १२ मे १८३३ रोजी 'टस्कनी' नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून कलकत्त्याला निघालं. चार महिने प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, आणि तरी सुमारे १०० टन बर्फ शाबूत पोचला! सरकारने जकात माफ केली, रात्री माल उतरवायला परवानगी दिली. पुढच्याच वर्षी बर्फ मुंबईत आला. जमशेटजी जीजीभॉयांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, आणि यजमानांना सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'ने दिली.

पहिल्या दिवशी सकाळी बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिज शहरातल्या फ्रेश पाँडवर गेलो. मेट्रोच्या रेड लाइनचं शेवटचं स्थानक एलवाइफ. तिथून वीसेक मिनिटं चालत. आज हे शहराच्या पिण्याच्या पाण्याचं तळं आहे, त्यामुळे पाण्याभोवती कुंपण आहे, पण सभोवार साडेतीन किलोमीटरची सुंदर वाट आहे. ट्यूडरच्या धंद्याचा कणा हेच तळं. बर्फाची मागणी एवढी वाढली की १८४१ मध्ये, ज्याचा जेवढा किनारा त्या प्रमाणात, गोठलेल्या पाण्याचे हिस्से पाडले गेले. बांध घालून शेत वाटावं, तसं तळं वाटलं!

इथे थोडं थांबते, कारण खरी करामत इथे झाली. आधी बर्फ कुऱ्हाडी-करवतींनी कापायचे. तुकडे वेडेवाकडे निघत, रचताना फटी राहत आणि फटींतल्या हवेने माल वितळे. १८२५ च्या सुमारास ट्यूडरसाठी काम करणाऱ्या नॅथॅनिएल वायेथने घोड्याने ओढायचा बर्फनांगर काढला. त्याने तळ्यावर आडव्या-उभ्या खाचा पाडायच्या आणि पहारीने ठोकळे सुटे करायचे. कोकणातली चिऱ्याची खाण पाहिली असेल तर डोळ्यांपुढे चित्र येईल. एकसारखे चिरे एकमेकांना चिकटून बसले की बर्फच बर्फाला राखतो. वरून लाकडाचा भुसा. मेन राज्यातल्या लाकूड गिरण्यांमध्ये तो ढिगांनी पडून असायचा. आपल्याकडचा बर्फवाला लादीवर भुसा आणि गोणपाट टाकतो, ती युक्ती याच जातीची. भारताकडे जाणाऱ्या जहाजांना बॉस्टनहून न्यायला पुरेसा माल नसे, त्यामुळे बर्फाला भाडंही स्वस्त पडे. फुकटचं पाणी, फुकटासारखा भुसा, अर्धं रिकामं जहाज : या तिन्हींची सांगड घालणं, यात ट्यूडरची अक्कल दिसते.

तिथून वॉल्डन पाँड. एलवाइफहून रेड लाइनने दोन स्थानकं मागे पोर्टरला या आणि तिथेच फिचबर्ग लाइनची उपनगरी गाडी पकडून कॉन्कर्डला उतरा. जाताना उजव्या बाजूला बसा, गाडी तळ्याच्या अगदी कडेने जाते. कॉन्कर्ड स्थानकापासून अडीच किलोमीटर चाल आहे. वाटेत मोठा हमरस्ता सिग्नलवरच ओलांडा. गाडीने जाणार असाल तर बाहेरच्या राज्याच्या नंबरप्लेटला पार्किंग खूप महाग पडतं, आणि उन्हाळ्यात जागा भरली की फाटकच बंद करतात. शनिवार-रविवारी गाड्या विरळ असतात. आमची परतीची एक चुकली आणि उघड्या फलाटावर तासभर काढावा लागला. वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा, थर्मासमध्ये चहा न्या.

'वॉल्डन' पुस्तकाचा लेखक हेन्री डेव्हिड थोरो १८४५ ते १८४७ इथे झोपडी बांधून राहिला. झोपडीची जागा दगडी खांबांनी दाखवली आहे, हुबेहूब प्रतिकृती पार्किंगजवळ आहे. 'वॉल्डनचा बर्फ भारतात गेला' असं सर्रास सांगितलं जातं, मीही तेच धरून गेले होते. पण १८४६-४७ च्या हिवाळ्यात शंभर आयरिश मजुरांनी इथे जो दहा हजार टनांचा ढीग रचला, तो बाजारात गेलाच नाही. दुसऱ्या वर्षापर्यंत पडून राहिला आणि बराचसा वितळून तळ्यात परतला. हे थोरोनेच नोंदवलं आहे. त्या मजुरांपैकी एकाचंही नाव तिथे मला दिसलं नाही, याची खंत वाटली. मुंबईच्या धक्क्यावर भर उन्हात त्या लाद्या वाहणाऱ्या हमालांचीही नावं कुठे आहेत?

तळं गोठलेलं होतं, पण कडेला पाणी झिरपत होतं. पाय ठेवू नका. वरून घट्ट दिसणारा थर मध्येच पातळ असतो.

दुसऱ्या दिवशी चार्ल्सटाउनला गेलो. नॉर्थ स्टेशनवरून पूल ओलांडला की ट्यूडर वॉर्फ लागतं. बर्फाची जहाजं याच बाजूने सुटायची. आता फारसं काही उरलेलं नाही, नावापुरतं जा.

पुलाच्या अलीकडे, नॉर्थ एंडमध्ये कमर्शियल स्ट्रीटवर मात्र जरूर थांबा. १५ जानेवारी १९१९ रोजी इथे काकवीची पन्नास फूट उंच टाकी फुटली. तेवीस लाख गॅलन काकवी रस्त्यावर लोटली, घरं पाडली, उंचावरच्या रेल्वेचे खांब वाकवले. २१ माणसं गेली. आठवण म्हणून बागेच्या कडेला एक छोटीशी पाटी आहे. आम्ही तिच्यासमोरून दोनदा गेलो तेव्हा ती दिसली. जानेवारीत पाचच्या आसपास अंधार पडतो, त्याआधी पोचा.