सियांगची कविता, वैनगंगेच्या काठी

१८ जानेवारी, रात्र

फेब्रुवारीत बोर्ड आहे. वर्गात बहुतेकांचं इंग्रजी आटोपलं. आटोपलं म्हणजे रसग्रहणाचे मुद्दे पाठ झाले: कवी, शीर्षक, आशय, अलंकार आणि शेवटी 'कविता का आवडली'. शिकवणीच्या नोट्समध्ये या शेवटच्या मुद्द्याचंही उत्तर तयार मिळतं. हे मला मनापासून खटकतं. अलंकार कुणी शोधून दिला तर एक वेळ चालेल, पण आपल्याला आवडण्याचं कारण दुसऱ्यानं कसं द्यायचं?

माझं इंग्रजी एका कवितेपाशी अडकून पडलंय आणि मला तिथून हलायची घाई नाही. ममांग दाईंची कविता, छोट्या गावांची आणि नदीची. त्या अरुणाचल प्रदेशातल्या पासीघाटच्या. तिथून सियांग वाहते, जी खाली आसामात जाऊन ब्रह्मपुत्रा होते. कवितेत धूळ आहे, घळीतून घोंघावणारा वारा आहे, कुणीतरी गेल्यावर वाहिलेली निशिगंधाची फुलं आहेत. माणसं येतात-जातात, टिकतात ते फक्त विधी, असं ती म्हणते. आणि नदीला आत्मा आहे, असं ठामपणे सांगते. त्यात 'जणू' नाही, 'वाटते' नाही.

मॅडमनी ती आधी नुसती वाचून दाखवली. फळ्यावर काही लिहिलं नाही, शब्दार्थ दिले नाहीत. मागच्या बाकांवर थोडी कुजबुज झाली, मग तीही थांबली. मला हीच पद्धत बरोबर वाटते. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडया (गावजत्रा) भरतात आणि तिथून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. मांडवात बसलेल्या बायामाणसांना कुणी आधी मध्यवर्ती कल्पना सांगत नाही. ते कान देऊन ऐकतात, रडतात, आणि पहाटे शाली गुंडाळून घरी जाताना रस्ताभर भांडतात, की थोरल्यानं धाकट्याला असं घराबाहेर काढायला नको होतं. ज्यांनी कधी शाळा पाहिली नाही ते लोकही एखाद्या पात्राची बाजू इतक्या मुद्देसूद मांडतात की ऐकत राहावं. आधी ऐकायचं, मग वाद घालायचा. इंग्रजीच्या तासाला आम्ही नेमकं हेच करत नाही, एरवी.

माझा त्या कवितेशी वाद झाला. एका ओळीत कवयित्री म्हणते की माझं गाव झाडांमध्ये शांत पडून आहे, उन्हाळा असो की हिवाळा, ते नेहमी तसंच असतं. मी तिथेच थांबले. आमचं गाव तसंच राहिलं नाही. ते उचलून दुसरीकडे ठेवलंय. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचा पाया १९८८ साली राजीव गांधींनी घातला, तेव्हा आजी चाळिशीच्या आत होती. पाणी वर यायला पुढे कितीतरी वर्षं लागली आणि आम्ही नवीन गावठाणात आलो तेव्हा मी अगदी लहान होते. इथले रस्ते सरळ आहेत, प्लॉटला नंबर आहेत, शाळेला कंपाउंड आहे. जुन्या गावातलं मला जवळजवळ काहीच आठवत नाही. मला जे माहीत आहे ते सगळं आजीकडून ऐकलेलं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी आजीला कविता मराठीत सांगितली. ती सुपात लाखोरी पाखडत होती. आत्म्याचं ऐकून तिनं मान हलवली. "नदीले जीव असते, ते खोटं नाही," ती म्हणाली. "पन आपली आता नदी नाही राह्यली वं. तलाव झाला तिचा." आणि मग डांगरवाडीबद्दल, म्हणजे नदीच्या वाळूतल्या खरबुजांच्या वाडीबद्दल बोलायला लागली. उन्हाळ्याकडे पाणी ओसरलं की पात्रातली वाळू उघडी पडायची. त्या वाळूत हातानं खड्डे करायचे, त्यात शेणखत भरायचं, वर डांगराच्या बिया. पाणी घालायला बाजूलाच वाळूत झिरा खणायचा, हातभर खणलं की पाणी लागायचं. काठ्यांची खोपडी बांधून रात्री राखण करायची, कोल्हे येतात म्हणून. डांगर पिकल्याचं वासावरून कळतं, असं ती सांगते आणि सांगताना खरंच नाकानं हवा ओढते. पावसाळ्यात नदी सगळं वाहून न्यायची, पण पुढच्या वर्षी नवी वाळू आणून द्यायची. ते कुणाला नुकसान वाटत नव्हतं.

कवितेतही नदी कायम एकसारखी नसते. उन्हाळ्यात ती दुःखाच्या लोंढ्यासारखी जमीन कापत जाते आणि कधी कधी श्वास रोखून धरते, असं कवयित्रीला वाटतं. या श्वास रोखण्याच्या ओळीपाशी मी खूप वेळ होते. तिची नदी क्षणभर श्वास रोखते आणि पुढे जाते. आमची वैनगंगा धरणामागे थांबलेली आहे. जलपर्णीचा थर दिसतो. वर नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून येतं, कन्हानला मिळतं, आणि कन्हान ते वैनगंगेत आणून सोडते. मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या घरी विचारलं तर जाळ्यात काय लागतं आणि आधी काय लागायचं, याची सगळी यादी ते देतील. धरणानं खालच्या धानाच्या बांध्यांना पाणी दिलं, हेही खरं आहे. माझ्या मामाकडे आता उन्हाळी धान होतो. मला धरणाविरुद्ध निबंध लिहायचा नव्हता. कवितेला जे नदीबद्दल इतकं खात्रीनं वाटतं, ते इथे उभं राहून वाचलं तर टिकतं का, एवढंच मला तपासायचं होतं.

मग मी रसग्रहण लिहिलं. लिहिलं की ही कविता मला आवडते, पण ती माझ्या गावाला लागू होत नाही, आणि लागू होत नाही म्हणूनच ती जास्त भिडते. कारण नदीला आत्मा आहे हे मान्य केलं, तर ती अडवल्यावर त्या आत्म्याचं काय होतं हा प्रश्न आपोआप येतो, आणि कविता तो विचारत नाही. इंग्रजी साधंच होतं, छोटी वाक्यं. कवितेतल्या ओळींचा आधार मात्र प्रत्येक ठिकाणी दिला. मॅडमनी वही परत देताना सांगितलं, की सियांगवरही फार मोठं धरण बांधायचं चाललं आहे आणि तिथले आदिवासी लोक त्याला विरोध करतायत. मी थक्क झाले. म्हणजे तो प्रश्न त्या काठावरही आहे. मॅडम पुढे असंही म्हणाल्या, की बोर्डाच्या पेपरात आधीचे मुद्दे सोडू नकोस, अलंकाराचे गुण जातील. ते मी करीनच. गुण मला हवे आहेत.

साहित्याच्या तासाचं मला सगळ्यात जास्त हेच पटतं. भौतिकशास्त्रात पुस्तकाशी वाद घालायचा तर प्रयोगशाळा लागते. कवितेशी वाद घालायला ओळ नीट वाचावी लागते आणि आपलं जगणं समोर ठेवावं लागतं, बस. दोन्ही माझ्याकडे आहेत. गावातल्या मुलीकडे ते असतं असं कुणी धरून चालत नाही, म्हणून लिहून ठेवते.

सरोजिनी नायडूंची विणकरांची कविताही अशीच घ्यायला हवी होती, पण ती घाईत संपली. पहाटे बाळाचं कापड, संध्याकाळी राणीचा लग्नाचा शेला, थंड चांदण्यात मेलेल्याचं कफन. आमच्याच जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावला कोशाचं रेशमी कापड विणतात, करवती किनारीचं. एखाद्या विणकराला वर्गात बोलावून ती कविता ऐकवली असती आणि तुम्हाला काय वाटतं म्हणून विचारलं असतं, तर तास खरा झाला असता.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. इथून जवळ अंभोऱ्याला, जिथे कन्हान वैनगंगेला मिळते, तिथे मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' लिहिला असं आमच्याकडे मानतात. शके १११०, मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून तो सांगितला जातो. अंबाजोगाईकर मुकुंदराज आपले म्हणतात, तो वाद विद्वानांचा. अंभोऱ्याला आता केबलचा मोठा पूल झालाय, कॉलेजची मुलं तिथे फोटो काढायला जातात, मीही गेले आहे. ज्या नदीच्या काठानं आपल्या भाषेतला इतका जुना ग्रंथ आपला मानलाय, त्या नदीकडे नीट बघायला मला अरुणाचलच्या एका बाईंची इंग्रजी कविता लागली. याचं मला वाईट वाटत नाही. उलट बरं वाटतं, की पासीघाटची नदी पवनी तालुक्यातल्या एका मुलीपर्यंत पोचू शकते.

बाबांना मी नर्सिंगला जावं असं वाटतं. नोकरी लवकर लागते, ते बरोबरच बोलतात. धानाच्या हमीभावावर घर कसं चालतं ते मी बघते, त्यामुळे त्यांच्याशी तावातावानं भांडणार नाही. पण निकालानंतर भंडाऱ्याला बीएला इंग्रजी घेऊन प्रवेश मिळतो का, हे विचारायला जाऊ या, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. आईनं मध्ये बोलून माझी बाजू घेतली. ती फारशी बोलत नाही, म्हणून त्याला वजन आलं.

तोंडी परीक्षेचे २० गुण असतात. उद्या वर्गात त्याचा सराव आहे, एका विषयावर बोलून दाखवायचं. मैत्रिणींनी मोबाइलचे फायदे-तोटे, प्रदूषण, माझा आवडता सण असे विषय घेतले आहेत, कारण त्यावर तयार भाषण मिळतं. मी आजीची डांगरवाडी घेतली आहे. आत्ताच एकदा मोठ्यानं म्हणून पाहिली. वाळूतले खड्डे, शेणखत, झिरा, कोल्ह्यांची राखण, सगळं बसलं. खोपडी कशी बांधायची ते अजून नीट सांगता येत नाही, सकाळी आजीला विचारून घेते.