मखमलीतला एक दोरा

इंग्लंडमधल्या आल्टरेशनच्या दुकानाचं पोट भरतं ते जीन्सच्या उंचीवर आणि तुटलेल्या चेनवर. ऐतिहासिक पोशाख येतात थंडी सरता सरता, जुने वाडे पर्यटकांसाठी उघडायच्या आधी. बहुतेक घरी शिवलेले, आणि नाडीच्या भोकांत पितळी रिंगा ठोकलेले. धातूच्या त्या रिंगा एकोणिसाव्या शतकातल्या. ट्यूडर, म्हणजे साधारण सोळाव्या शतकातल्या, चोळीत त्या दिसल्या की माझा उत्साहच मावळतो. म्हणून त्या बाईंनी आपला गाऊन टेबलावर उलगडला तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

पाठीवरची नाडीची सगळी काजं हाताने केलेली. कात्री न लावता टोच्याने विणीतले धागे बाजूला सारून भोक मोठं केलेलं, म्हणजे कापड कमजोर होत नाही. मग मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याने कडेने गच्च टाके. दोन बाजूंची काजं समोरासमोर नव्हती, अर्ध्या अंतराने वरखाली होती. त्या काळी एकच नाडी तिरकी चढवत नेत. तशा ओवणीत काजं समोरासमोर असली तर चोळीची एक बाजू वर सरकते. हे पुस्तकातून उचललेलं नव्हतं, अंगावर चढवून, उसवून पुन्हा केलेलं होतं. घेराच्या चुण्याही तशाच. समान अंतराच्या टाक्यांच्या समांतर ओळी घालून कापड ओढलेलं आणि प्रत्येक घडी कमरेला स्वतंत्र टाचलेली. निवृत्त शिक्षिका त्या. अख्खा हिवाळा यातच गेला म्हणाल्या. या धंद्यात रोज बसणाऱ्यांत असा हात क्वचित दिसतो.

काम साधं होतं, उंची कमी करायची. किती, म्हणून विचारलं.

"जाळापाशी वाकले की पायात येतो. यंदा मला स्वयंपाकघर मिळालंय."

एका जुन्या वाड्यात त्या स्वयंसेवक होत्या. तिथे खरी लाकडं पेटवून पर्यटकांसमोर मांस भाजतात.

कापड होतं किरमिजी मखमल. शिवणीच्या मायेतून मी एक दोरा ओढला, चिमट्यात धरला आणि लायटर लावला. दोरा ज्योतीपासून मागे आकसला, वितळला आणि टोकाला काळा थेंब जमला. गार झाल्यावर टणक मणी, नखाने फुटेना. पॉलिस्टर. शेजारी लोकरीचा दोरा जाळून दाखवला. केस जळल्याचा वास आला, लायटर दूर नेताच तो विझला आणि उरलेलं बोटांत चुरलं. बाई त्या मण्याकडे बघत राहिल्या. पॉलिस्टर असं वितळून कातडीला चिकटतं, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

वाड्याच्या सूचनापत्रात एवढंच होतं, की पोशाख त्या काळातला वाटावा. कापडाबद्दल एक अक्षर नाही! माणसाला विस्तवापाशी उभं करायचं आणि त्याच्या अंगावर काय आहे ते विचारायचंही नाही, याची मला अजून चीड येते.

लोकांना ट्यूडर म्हटलं की राणीच हवी असते. कोणी कोणतं कापड ल्यावं याचे कायदे तेव्हा होते. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या 1574 च्या फर्मानात तर बायकांचीही दर्जानुसार यादी होती. चुलीपाशी राबणारी बाई लोकर आणि लिननच घालायची, आणि तेच कपडे जाळापाशी शहाणपणाचे होते.

मी उंची कमी करून द्यायला नकार दिला. त्यांनी विचारलं, "काजं तरी काढून नव्यात लावता येतील?" येत नाहीत. ती मखमल आणि अस्तर दोन्हींतून गेलेली असतात. या उत्तराचं मला फार वाईट वाटलं.

शेवटी त्यांच्याच चोळीच्या मापावर मंजिष्ठाच्या तांबूस रंगाची लोकर कापून दिली, अस्तर लिननचं, आणि बाह्या कोपरापर्यंत सहज सारता येतील अशा. काजं त्या स्वतः करताहेत. मखमलीचा गाऊन दिवाणखान्यासाठी ठेवलाय. त्याच्या गळ्याला आतून मी एक फीत शिवली, "जाळाजवळ घालू नये". पण गर्दीच्या दिवशी कोणी "जरा चुलीपाशी उभ्या राहा, फोटो काढतो" म्हणालं तर गळ्यातली फीत कोण वाचणार? तो गाऊन परत द्यायलाच नको होता का, हे माझं अजून ठरत नाही.

वाड्याला पत्र लिहिलं. आभाराचं उत्तर आलं. नवं सूचनापत्र बाईंनी परवा आणून दाखवलं, त्यात कापडाची ओळ नाही. आता दोन जळके दोरे कागदाला चिकटवून पुन्हा पाठवते आहे.