रक्त लाल नाही, मग लोह कुठलं?

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला रेशीम अळीच्या रक्तातलं लोह धरून ठेवणारं प्रथिन, फेरिटिन, वेगळं करायचं होतं. परभणीच्या आसपास तुती लावणारे आता बरेच आहेत. ओळखीच्या एका काकांनी पाचव्या अवस्थेतल्या अळ्या पानांसकट दिल्या आणि विचारलं, "रगत काढता म्हणं यांचं? लाल तर दिसत न्हाई, मग लोखंड कुठून यायलंय त्यात?" तोंडी परीक्षेतसुद्धा इतकं नेमकं कुणी विचारलं नाही.

आपलं रक्त हिमोग्लोबिनमुळे लाल. अळीच्या अंगात हवा बारीक श्वासनलिकांतून थेट पेशींपर्यंत पोचते, त्यामुळे रक्ताला ते काम नाही. पण विकरांसाठी लोह तिलाही लागतंच, आणि मोकळं सोडलं तर ते पेशींची नासधूस करतं. म्हणून फेरिटिन: लोह साठवायची प्रथिनाची कणगीच. आपल्याकडे ते मुख्यतः पेशीच्या आत राहतं; कीटकांत बरंचसं बाहेर, हिमोलिंफमध्ये म्हणजे त्यांच्या रक्तात सोडलं जातं.

अळीच्या मांसल पायाला बारीक छेद द्यायचा आणि थेंब बर्फातल्या नळीत धरायचे. नळीत आधीच फिनाइलथायोयुरिया हवं, नाहीतर हिमोलिंफ बघता बघता काळं पडतं. एप्रिलातल्या परभणीत बर्फ टिकवणं हा वेगळाच प्रकल्प! गंमत म्हणजे एवढं जपलेलं द्रव पुढच्या पायरीला ७५ अंशांच्या पाण्यात ठेवायचं. बाकीची बरीच प्रथिनं गोठून तळाशी बसतात, फेरिटिन मात्र वरच्या निवळीत शाबूत राहतं. मग प्रथिनं न उलगडणारं जेल, म्हणजे विजेच्या प्रवाहाने प्रथिनं वेगळी करणारा मऊ थर. ते चालू असताना वीज जाणं गृहीतच धरलेलं, म्हणून इन्व्हर्टर आधीच जोडून ठेवला होता. शेवटी जेल पोटॅशियम फेरोसायनाइड आणि आम्लात बुडवलं. वरच्या बाजूला निळा पट्टा उमटला. हा रंग लोहाचा. नुसत्या प्रथिनाला तो चढत नाही.

खरी रंगत पुढे होती. कोबीवरच्या उंटअळीच्या फेरिटिनची स्फटिकरचना २००५ साली प्रसिद्ध झाली, सुमारे १.९ अँगस्ट्रॉमपर्यंत स्पष्ट (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). ती प्रोटीन डेटा बँक या प्रथिनरचनांच्या खुल्या साठ्यातून फुकट उतरवता येते. लॅपटॉपवर मी ती रात्र रात्र फिरवत बसले. आपल्यासारखीच २४ उपघटकांची पोकळ गोल भिंत, प्रत्येक घटकात चार लांब सर्पिलांची जुडी. पण आपल्यात जड आणि हलक्या साखळ्यांचं, म्हणजे दोन प्रकारच्या उपघटकांचं, प्रमाण अवयवागणिक बदलतं. इथे नेमक्या १२ जड, १२ हलक्या, आणि त्यांची जागाही ठरलेली.

हे ठरवतं कोण? साखळ्यांची सुरुवातीची टोकं. कीटकांत ती लांब असतात, गंधकाच्या दोन अणूंमधल्या (डायसल्फाइड) बंधांनी घट्ट होतात आणि शेजारच्या घटकाला धरून ठेवतात. पेशीद्रवात असे बंध सहसा टिकत नाहीत. स्रावासाठी बाहेर निघालेल्या प्रथिनाच्या वाटेवर मात्र ते जुळतात. म्हणजे फेरिटिनचा पत्ता बदलला म्हणूनच त्याला ही बांधणी परवडते. मला तरी सगळ्या प्रकल्पातलं हेच सगळ्यात देखणं वाटलं.

हे गंधकाचे बंध तोडणारं मर्कॅप्टोइथेनॉल घालून, प्रथिनं उलगडून चालवलेल्या जेलवर दोन पट्टे आले, जवळपास सारखेच गडद. मी लगेच १२-१२ लिहायला निघाले होते. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "दोन पट्टे दिसले एवढंच लिही. बाराचा आकडा कोबीवरच्या अळीचा आहे, तिच्याच नावावर राहू दे."