मध्यंतरात उठून आले होते

माझ्या मुलीला लक्ष्या माहितीये तो स्टिकर म्हणून. व्हॉट्सॲपवर येत असतो ना कायम, साडी नेसलेला, डोळे मोठे केलेला, तोच. परवा पहिल्यांदा तिने 'अशी ही बनवाबनवी' अख्खा बघितला, पोट धरधरून हसली आणि संपल्यावर मला म्हणते, आई, या काकांचा नवीन पिक्चर कधी येणार? मी म्हटलं अगं ते वारले, तू जन्मायच्या कितीतरी आधी. जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, मग आपण एवढं हसलो ते चालतं का?

चालतं गं, म्हटलं आणि किचनमध्ये सटकले. खरं सांगायचं तर हाच प्रश्न मला २००४ मधे पडला होता आणि तेव्हाही मी तो असाच टाळला होता.

१६ डिसेंबर २००४. ऑफिसात कोणाच्या तरी फोनवर एसेमेस आला, लक्ष्मीकांत बेर्डे गेले. पहिल्या झटक्यात सगळ्यांना वाटलं पुढे काहीतरी जोक असणार, आम्ही तो मेसेज खालपर्यंत सरकवून बघितला. लक्ष्याच्या नावाने काहीही आलं की आधी हसायची तयारी व्हायची, हा त्याचाच प्रताप. जोक नव्हता. किडनीचा त्रास आहे, तब्येत बरी नाही, असं कानावर होतं पण पन्नास हे काय जायचं वय आहे का? संध्याकाळी घरी आले तर बाबा टीव्हीसमोर. बातम्या सांगणारी बाई गंभीर चेहऱ्याने जन्म, कारकीर्द वगैरे सांगत होती आणि मग त्यांनी जुन्या पिक्चरमधले तुकडे लावले. आणि आम्ही हसलो. आई, बाबा, मी, तिघंही, एकदम, फस्सकन. पुढच्या क्षणाला आई "अगं बाई, काय हे" म्हणाली आणि बाबा उठून उगाचच गॅलरीत जाऊन उभे राहिले. 

गंभीर नट गेला की बरं असतं, त्याचा एखादा मोठा प्रसंग आठवावा, डोळे पुसावेत. विनोदी नटाचं दुःख करायला बसलं की तो मधेच येऊन सगळं बिघडवतो, नीट रडूही देत नाही. आणि मग पेपरवाल्यांचं ते ठरलेलं वाक्य, हसवणारा रडवून गेला. कोणीही विनोदी माणूस गेला की हेच, मला इतका राग येतो त्या वाक्याचा! दहाच दिवसांनी त्सुनामी आली आणि मग बातम्यांत दुसरं काही उरलंच नाही. लक्ष्याचं दुःख असं अर्धवटच राहिलं आमच्याकडे.

एक गंमत बघा, अशोक सराफ म्हटलं की आपोआप 'अशोकमामा', पण याला कधीच कोणी काका मामा केलं नाही. पहिलीतल्या पोरापासून आजीपर्यंत सगळ्यांना तो लक्ष्याच. साहित्य संघात नोकरी करता करता नाटकातली बारकीसारकी कामं करणारा हा माणूस 'टुरटुर' नाटकाने नावारूपाला आला, मग १९८५ ला महेश कोठारेंचा 'धूमधडाका' आला आणि पुढची दहाएक वर्षं मराठी पिक्चर म्हणजे लक्ष्या असंच होतं. आमच्याकडे गणपतीत रस्त्यावर पडदा लावून पिक्चर दाखवायचे, पुढे जागा मिळाली नाही की आम्ही पोरं पडद्याच्या मागे बसायचो, तिथून सगळं उलटं दिसायचं, नावं उलटी, लक्ष्या डावखुरा. 'धडाकेबाज'मधला बाटलीतला गंगाराम मी पहिल्यांदा असाच उलटा बघितलाय आणि शपथ सांगते काही अडलं नाही.

आता मोठेपणी बघताना कळतं की त्याची खरी कमाई त्याच्या घाबरण्यात होती. मालकाला घाबरणं वेगळं, पोलिसाला वेगळं, प्रेमात पडल्यावर पोरीच्या बापाला घाबरणं वेगळं. 'झपाटलेला'मधे तर समोर एक बाहुला, रामदास पाध्ये हलवतायत, त्या निर्जीव वस्तूकडे बघून हा माणूस असा काही थरथरतो की आपल्याला तात्या विंचू जिवंत वाटायला लागतो. त्या बाहुल्यात अर्धा जीव लक्ष्याने घातलाय. लोक म्हणायचे तो फार आरडाओरडा करतो, ओव्हरॲक्टिंग करतो. करायचा, काही पिक्चरमधे खूपच करायचा, नाही कशाला म्हणू. शेवटी शेवटी तर तेच तेच पिक्चर यायला लागले होते आणि बघवत नव्हते. हिंदीत गेला तर तिथे हिरोचा मित्र नाहीतर घरचा नोकर. 'हम आपके हैं कौन'मधला लल्लू सगळ्यांच्या लक्षात आहे, पण नोकर तो नोकरच.

आणि आता मूळ मुद्दा, जो लिहायला मी इतका वेळ लावतेय. 

१९९२ चा 'एक होता विदूषक'. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, लेखन पुलंचं, गाणी महानोरांची, आणि मधोमध लक्ष्या. यातलं काहीच मला कळत नव्हतं, मी तेरा वर्षांची. लक्ष्याचा नवीन पिक्चर म्हणून बाबांच्या मागे लागून गेले. तमाशातला सोंगाड्या आबुराव, तो सिनेमात जातो, मोठा होतो, मग राजकारणात ओढला जातो, असं सगळं. थिएटरमधे लोक सुरुवातीला लक्ष्या दिसला की सवयीने हसत होते, मग हसायचं कुठे तेच कळेना, मग चुळबूळ, मग मागून कोणीतरी शिट्टी मारली. मध्यंतरात मीच बाबांना म्हटलं चला घरी, बोअर आहे. बाबाही लगेच उठले. बाहेर येताना म्हणाले, लक्ष्याने असले पिक्चर कशाला करावेत.

पिक्चरला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण लोकांनी पाठ फिरवली. तो परत धिंगाण्याकडे वळला आणि आम्ही परत खूश. त्या पाठ फिरवणाऱ्यांत दोन तिकिटं आमची होती, हे मला २००४ च्या त्या संध्याकाळी सारखं आठवत होतं. बाबा गॅलरीत उभे राहून काय आठवत होते माहीत नाही, मी विचारलं नाही, आणि आता तेही नाहीत.

तर मुलीचा प्रश्न ऐकल्यावर परवा रात्री शेवटी मी तो शोधून लावला. इतकी वर्षं टाळला होता. मध्यंतरानंतरचा भाग मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. त्यात तो आपल्या लहानग्या मुलीला हसवायला बघतो. ज्या माणसाने अख्खा महाराष्ट्र हसवला तो एका पोरीपुढे खरोखर घाबरलाय, आणि हे घाबरणं वेगळं आहे, यात आवाज नाही, डोळे मोठे करणं नाही, काही नाही. मी मोबाईल हातात धरून बसले होते आणि मला रडू आलं, नीट, जे तेव्हा आलं नव्हतं.

तेवढ्यात मुलगी पाणी प्यायला उठली, येऊन माझ्या खांद्यावरून डोकावली. हे तेच काका ना? हो म्हटलं. दोन मिनिटं उभी राहून बघत होती. यात कॉमेडी नाहीये का? नाही गं. "मग मी झोपते," म्हणाली आणि गेली. मी काही तिला थांबवलं नाही, नऊ वर्षांची आहे. मी नावं संपेपर्यंत बसून राहिले.